एक संगणक, अनेक पडदे : घरगुती जाळ्यातील दर्शकांची जोडणी

विजेचा दिवा, रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच ही साधने जशी एकामागून एक सामान्य माणसाच्या घरात आली, तसाच संगणकही आता तेथे येऊन पोहोचला आहे. तथापि या साधनांत एक महत्त्वाचा भेद आहे. रेडिओ एक असला तरी त्याचा आवाज घरभर ऐकू येतो. दूरचित्रवाणी संच एक असला तरी त्यासमोर सारे कुटुंब बसू शकते. संगणकाचे तसे नाही. तो एका वेळी एकाच्याच हाती असतो. घरात शिकणारी मुले तीन आणि संगणक एक, अशी स्थिती आली की कोणी केव्हा बसावयाचे, हा नित्याचा प्रश्न होऊन बसतो. एका समर्थ संगणकाला निरनिराळ्या खोल्यांतील पडदे घरगुती जाळ्याने जोडून हा प्रश्न सोडविता येतो काय, येत असल्यास कोणत्या मर्यादेत, आणि त्यात कोणते धोके संभवतात, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बमरोलीतील गरज

सुरत शहराच्या दक्षिण भागातील बमरोली, पांडेसरा आणि उधना हा परिसर यंत्रमागांचा व कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून तापी खोऱ्यातील लोहमार्गाने येऊन या भागात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. घरात अहिराणी, शेजारी हिंदी वा उडिया आणि बाजारात गुजराती असा त्यांचा भाषाव्यवहार चालतो. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांमध्ये गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाचीही सोय असल्याने पुढच्या पिढीचा मराठीशी असलेला संबंध टिकून राहिला आहे.

अशा कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वडील कारखान्यात पाळीने कामाला, आई घरी साड्यांना लेस, टिकल्या व खडे लावण्याच्या कामात, मोठा मुलगा कापडाची नक्षी संगणकावर काढण्यास शिकत असलेला, मुलगी बारावीत आणि धाकटा सातवीत. नक्षीकामासाठी काटकसरीने घेतलेला एक चांगला संगणक वरच्या मजल्यावर आहे. खाली दूरचित्रवाणी संच आहे, आणि माळ्यावर एक जुना संगणक धूळ खात पडला आहे. २०२० साली शाळा बंद राहिल्या, तेव्हा एका फोनवर दोन-तीन मुलांचे वर्ग कसे चालवावयाचे, ही अडचण देशभर असंख्य घरांनी अनुभवली. शाळा पुन्हा सुरू झाल्या; परंतु गृहपाठ, प्रवेश-अर्ज आणि परीक्षांची तयारी यांसाठी लागणारा पडदा काही कमी झाला नाही. प्रत्येकास स्वतंत्र संगणक घेणे अशा कुटुंबास परवडत नाही. म्हणूनच हा विषय केवळ यंत्रांची आवड असणाऱ्यांचा नसून मुलांच्या शिक्षणाचा व घरखर्चाचा आहे.

पडद्यावर दर सेकंदाला काय घडते

संगणकाचा पडदा म्हणजे सूक्ष्म प्रकाशबिंदूंची जाळी होय. आज सर्वसामान्यपणे वापरात असलेल्या पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० बिंदू असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात, आणि चित्र स्थिर दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने मांडले जाते. या तिन्हींचा गुणाकार केल्यास दर सेकंदाला सुमारे २९८ कोटी ६० लक्ष बिट हा आकडा येतो.

संगणक व पडदा यांना थेट जोडणारी एचडीएमआय केबल एवढा ओघ सहज वाहून नेते, कारण ती त्याच कामासाठी बनविलेली आहे. घरगुती जाळ्याच्या तारेची गोष्ट निराळी आहे. आज घरोघरी मिळणाऱ्या चांगल्या राउटरची व स्विचची क्षमता बहुधा एक गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १०० कोटी बिट असते. एकाच पडद्याचे कच्चे चित्र या तारेच्या क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट आहे. तीन पडद्यांचे चित्र तीतून जाणे तर सर्वथा अशक्य होय. वायफायची प्रत्यक्ष मिळणारी गती बहुतेक घरांत याहूनही कमी असते आणि ती क्षणोक्षणी बदलते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. जाळ्यातून पडदा जोडावयाचा असेल, तर पडद्याच्या बाजूस काहीतरी बुद्धी असावी लागते. आलेले संक्षिप्त स्वरूप उलगडून त्याचे पूर्ण चित्र करणारी आरेखन यंत्रणा, म्हणजे ग्राफिक्स चिप, पडद्याच्या आत किंवा त्यालगतच्या छोट्या पेटीत असणे अपरिहार्य आहे.

जॅकार्डचा दाखला

ही कल्पना बमरोलीच्या वाचकास समजावून देण्यास फार दूर जावे लागत नाही. फ्रान्समधील लिऑन येथील जोसेफ मारी जॅकार याने १८०४-०५ च्या सुमारास जी यंत्रणा सिद्ध केली, तिच्या नावाने ओळखले जाणारे जॅकार्ड माग येथील कारागिरांच्या परिचयाचे आहेत. मूळच्या जॅकार्डमध्ये छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असे. पुठ्ठ्यावर फुलाचे वा कोयरीचे चित्र काढलेले नसे. कोणता ताणा उचलावयाचा आणि कोणता खाली ठेवावयाचा, एवढीच आज्ञा छिद्राच्या असण्या-नसण्याने दिलेली असे. फूल प्रत्यक्ष उमटे ते मागावर. आजच्या विद्युत्-नियंत्रित जॅकार्डमध्ये पुठ्ठ्यांची जागा संगणकीय फाइलने घेतली आहे; तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

तयार कापडाचा तागा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे आणि नक्षीची आज्ञा पाठवून तेथल्या मागावर कापड विणवून घेणे, यांत जो फरक आहे, तोच जाळ्यातून पडदे जोडण्याच्या दोन मुख्य पद्धतींत आहे. एकीत पूर्ण चित्र, अर्थात दाबून लहान केलेले, पाठविले जाते. दुसरीत चित्र कसे काढावे याच्या आज्ञा पाठविल्या जातात आणि चित्र पडद्याजवळच्या यंत्रणेकडून काढून घेतले जाते.

पुण्यात घडलेले उदाहरण

आज्ञा पाठविण्याच्या पद्धतीला मोठा इतिहास आहे, आणि त्यातील एक उज्ज्वल प्रकरण महाराष्ट्रात घडले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्याला कॅथोड किरण नलिकेचा पडदा जोडलेला होता. त्या काळी संगणक आणि त्याचा पडदा एकाच दालनात असत. संगणकांना परस्परांशी तारेने जोडणारी इथरनेट ही पद्धत १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आदी संशोधकांनी मांडली. पुढे १९८४ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत एक्स विंडो ही प्रणाली जन्मास आली. कार्यक्रम एका संगणकावर चालावा आणि त्याच्या खिडक्या दुसऱ्याच ठिकाणच्या पडद्यावर उघडाव्यात, ही तिची मूळ कल्पना होती. तिची १९८७ साली निघालेली अकरावी आवृत्ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. केवळ या कामासाठी बनविलेले, आत स्वतःची आरेखन यंत्रणा असलेले पडदे त्यानंतर विद्यापीठांतून व कार्यालयांतून दिसू लागले.

भारतीय लिपींच्या बाबतीत मात्र एक खास अडचण होती. रोमन अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द तयार होतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि जोडाक्षरे आपला आकारच बदलतात. त्या वेळच्या मध्यवर्ती संगणकांना यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे यांनी या प्रश्नावर आरंभिलेले काम १९८८ साली पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजेच सी-डॅकमध्ये, पुढे नेण्यात आले. जिस्ट या नावाने ते प्रसिद्ध आहे. डॉ. विजय भटकर हे त्या वेळी सी-डॅकचे प्रमुख होते. जिस्ट टर्मिनल या दर्शकात लिपी जुळविणारी यंत्रणा अंगभूत होती. मध्यवर्ती संगणक त्याला केवळ वर्णांचे सांकेतिक क्रमांक पाठवी. त्यांपासून योग्य जोडाक्षर घडवून पडद्यावर रेखाटण्याचे काम दर्शक स्वतः करी. या सांकेतिक क्रमांकांचे प्रमाणीकरण भारतीय मानक १३१९४ या क्रमांकाखाली १९९१ साली झाले.

यातील बचत किती मोठी आहे ते एका शब्दावरून पाहता येईल. ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्या संकेतप्रणालीत दहा क्रमांकांत, म्हणजे दहा बाइटांत मावतो. हाच शब्द २०० बाय ५० बिंदूंच्या रंगीत चित्राच्या रूपाने पाठवावयाचा झाल्यास ३०,००० बाइट लागतील. दहा बाइटांत काम भागते, ते पलीकडच्या पडद्याला देवनागरी ‘लिहिता’ येते म्हणून.

आजच्या तीन पद्धती

काळ बदलला तसे या पद्धतींचे स्वरूपही बदलले. आजचे कार्यक्रम छाया, पारदर्शकता आणि छायाचित्रे यांनी एवढे भरलेले असतात की, ते आपले चित्र आधी स्वतःच तयार करतात आणि मग पडद्याकडे देतात. त्यामुळे एक्स प्रणालीतही पुष्कळदा रेषा व अक्षरांच्या आज्ञांऐवजी तयार चित्रेच जाळ्यातून जाऊ लागली. सध्या घरी वापरता येण्याजोग्या पद्धती स्थूलमानाने तीन आहेत.

पहिली पद्धत चित्र दाबून पाठविण्याची. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ या चलच्चित्र-संक्षेपाने ती सुलभ केली. लागोपाठच्या दोन चित्रांत जेवढा बदल झाला असेल तेवढाच मुख्यत्वे पाठवावयाचा, हे तिचे तत्त्व होय. त्यायोगे सुमारे तीनशे कोटी बिटांचा ओघ एक-दोन कोटी बिटांवर आणता येतो, आणि मग तीन-चार पडद्यांनाही घरातील तार पुरून उरते. हा संक्षेप उलगडणारी चिप आज स्मार्ट दूरचित्रवाणी संचांत, फोनमध्ये आणि हातावर मावणाऱ्या छोट्या संगणकांत अंगभूत असते. २०१२ साली आलेली मिराकास्ट पद्धत आणि २०१३ चे क्रोमकास्ट हे याच वर्गातील होत. चित्रपट, व्याख्यान वा शैक्षणिक ध्वनिचित्रफीत पाहण्यास ही पद्धत उत्तम. तथापि तिला दोन मर्यादा आहेत. चित्र दाबणे, पाठविणे आणि उलगडणे यांत काही क्षण जातात. चित्रपट पाहताना ते जाणवत नाहीत; परंतु माउस हलविल्यानंतर बाण मागाहून सरकू लागला की काम करणारा कंटाळतो. दुसरे असे की, या संक्षेपात सामान्यतः चार बिंदूंमागे एकाच बिंदूचा रंग राखला जातो. निसर्गदृश्यात ते कळत नाही. पण पांढऱ्या कागदावरील तांबड्या वा निळ्या बारीक अक्षरांतील अनुस्वार, मात्रा आणि रफार पुसट होतात. दिवसभर मराठी वाचावयाचे असेल तर डोळ्यांना त्याचा त्रास होतो.

दुसरी पद्धत दूरस्थ कार्यपटलाची, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची होय. केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेली व्हीएनसी आणि मायक्रोसॉफ्टची आरडीपी या पद्धती प्रसिद्ध आहेत. यांत पडद्याचा बदललेला भागच पाठविला जातो, आणि कळफलक व माउस यांच्या हालचाली उलट दिशेने संगणकाकडे जातात. लेखन, हिशेब व अर्ज भरणे यांसाठी ही पद्धत सोयीची आहे. मात्र येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विंडोजची घरगुती आवृत्ती अशी बाहेरून आलेली जोडणी स्वीकारीत नाही. व्यावसायिक आवृत्ती स्वीकारते, परंतु एका वेळी एकाचीच. दुसरा आला की पहिल्याचा पडदा बंद होतो. एकाच संगणकावर तिघांनी एकाच वेळी काम करावयाचे असेल तर लिनक्स प्रणालीचा आश्रय घ्यावा. अनेक वापरकर्त्यांची सोय तिच्यात मुळापासून आहे, आणि तिच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात.

तिसरी पद्धत माळ्यावरील जुन्या संगणकाला नवे आयुष्य देणारी आहे. १९९९ साली सुरू झालेला लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्प हे तिचे प्रमुख उदाहरण. यात जुन्या संगणकात हार्ड डिस्क नसली तरी चालते. तो सुरू होताच जाळ्यातून मुख्य संगणकाकडे जातो आणि तेथून सर्व प्रणाली मागवून घेतो. पूर्वी या प्रकल्पात सारे काम मुख्य संगणकच करी. २०१९ साली झालेल्या पुनर्रचनेनंतर कार्यक्रम मुख्यतः समोरच्या संगणकाच्याच प्रक्रियकावर व ग्राफिक्स चिपवर चालतात, आणि फाइली तेवढ्या एका जागी राहतात. यामुळे माउस मागे पडत नाही व अक्षरेही स्वच्छ दिसतात. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले, आणि असंख्य सुस्थितीतील संगणक नव्या आवृत्तीस अपात्र ठरले. ते भंगारात देण्यापूर्वी या पद्धतीचा विचार अवश्य करावा.

खरेदी करताना

बाजारात काही मॉनिटरांच्या मागे जाळ्याच्या तारेचे पोर्ट असते. ते पाहून हा पडदा जाळ्यातून चित्र घेऊ शकेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. पुष्कळदा ते पोर्ट पडद्यासाठी नसून पडद्याला जोडलेल्या लॅपटॉपला जाळ्याशी जोडून देण्यासाठी असते. पडद्याच्या आत चित्र उलगडणारी चिप व प्रणाली आहे काय, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे आणि शक्य तर प्रत्यक्ष चालवून पाहावे. ज्या साध्या मॉनिटरमध्ये ही सोय नाही, त्याच्या मागे रास्पबेरी पाय यासारखा छोटा संगणक बसविल्यास तोच मॉनिटर जाळ्यातील दर्शक बनतो. या मालिकेतील पहिला संगणक २०१२ साली निघाला. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत गिगाबिट जाळे व दोन पडद्यांची सोय आली.

खर्चाचा विचार करताना विजेचाही हिशेब करावा. उदाहरणादाखल, ८० वॅटचे तीन संगणक रोज चार तास चालले, तर मॉनिटरांची वीज सोडून महिन्याला सुमारे २९ युनिट लागतील. त्याऐवजी १२० वॅटचा एक मुख्य संगणक व ५ वॅटचे तीन छोटे दर्शक तेवढाच वेळ चालविल्यास सुमारे १६ युनिटांत भागेल. मात्र मुख्य संगणकाची स्मृती भरपूर असली पाहिजे. तीन-चार जणांचे काम एकत्र चालणार असल्यास १६ गिगाबाइटपेक्षा कमी रॅम घेऊ नये.

तारा टाकताना

पहिला नियम असा की, शक्य तेथे तारच टाकावी. वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झ लहरी वेगवान खऱ्या, पण काँक्रीटचा स्लॅब ओलांडताना त्या क्षीण होतात; २.४ गिगाहर्ट्‌झ लहरी दूरवर जातात, पण दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या राउटरांची तेथे एकच गर्दी असते. एकास एक लागून असलेल्या घरांत हा अनुभव नेहमीचा आहे.

तार कॅट ५ई वा कॅट ६ या प्रतीची घ्यावी. एका तुकड्याची लांबी १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरासाठी हवी तेवढी. या तारेत आठ वायर असतात. एक गिगाबिटची गती मिळण्यास आठही वायर नीट जोडलेल्या असणे आवश्यक आहे. काही कारागीर चारच वायर जोडतात. इंटरनेट चालू राहिल्यामुळे ग्राहकास काही कळत नाही, परंतु गती एकदशांशावर येते. म्हणून काम संपल्यावर जोडणी १,००० दाखविते की १००, हे संगणकावर पाहून मगच मजुरी द्यावी. ही तार विजेच्या वायरिंगच्या नळीतून कधीही नेऊ नये. त्यात व्यत्ययही येतो आणि धोकाही आहे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट आहे. इंटरनेटची योजना किती गतीची घेतली, याचा घरातल्या घरात पडदे जोडण्याशी काहीही संबंध नाही. वरच्या मजल्यावरील संगणकाकडून खालच्या पडद्याकडे जाणारे चित्र घराबाहेर जातच नाही. बमरोली येथे महानगरपालिकेचा सांडपाणी शुद्ध करून पांडेसरा औद्योगिक वसाहतीस पुरविणारा, दररोज ४० दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे. त्या प्रकल्पापर्यंत येणारी वाहिनी वेगळी आणि तेथून कारखान्यांकडे जाणारी वेगळी. तद्वतच घरात येणारी इंटरनेटची जोडणी वेगळी आणि राउटरपासून खोल्यांत जाणारे जाळे वेगळे. घरातील पडदा अडखळत असेल तर महागडी योजना घेण्यापूर्वी राउटर, स्विच आणि तारा तपासून पाहाव्यात.

एकाच संगणकावर साऱ्या घराचा भार ठेवल्याने तो बंद पडला की सर्वांचेच काम थांबते, ही या व्यवस्थेची खरी उणीव होय. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी असे झाल्यास त्याची किंमत मोठी असते. यास्तव मुख्य संगणक, राउटर आणि स्विच यांना यूपीएसचा आधार द्यावा, महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर नियमाने ठेवावी, आणि एखादा जुना संगणक स्वतंत्रपणे चालेल अशा स्थितीत राखून ठेवावा.

सुरक्षितता : सर्वांत महत्त्वाची बाब

जाळ्यातून पडदा दूर नेता येतो, याचाच अर्थ तो परक्याच्या घरीही नेता येतो. दूरस्थ कार्यपटलाची सोय घरापुरती मर्यादित असावी. ‘बाहेरूनही घरचा संगणक पाहता येईल’ अशा मोहाने राउटरमधील द्वार इंटरनेटकडे उघडे टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. विंडोजच्या याच सेवेत २०१९ साली ब्लूकीप नावाने ओळखला गेलेला गंभीर दोष आढळला होता, आणि परवलीचा शब्द माहीत नसतानाही परक्यास संगणकाचा ताबा घेता येईल असे त्याचे स्वरूप होते. प्रणाली अद्ययावत ठेवणे, घरातील प्रत्येकास वेगळे खाते देणे, परवलीचे शब्द लांब ठेवणे आणि राउटरचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलणे, एवढी पथ्ये तरी कटाक्षाने पाळावीत. दूरचित्रवाणी संचावर मिराकास्ट वापरताना पिन विचारण्याची सोय चालू ठेवावी. अन्यथा शेजारच्या घरातील फोनचे चित्र आपल्या पडद्यावर उमटू शकते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे याच तंत्राचा फसवणुकीसाठी होणारा उपयोग. बँकेचा वा वीज कंपनीचा अधिकारी असल्याचे सांगून कोणी फोन करतो, एक ॲप उतरवून घेण्यास सांगतो आणि त्यावर आलेला क्रमांक विचारतो. तो क्रमांक सांगताच आपला पडदा त्याच्यापुढे उघडतो. पुढे बँकेचा सांकेतिक क्रमांक आपल्या पडद्यावर आला की तो त्यालाही दिसतो. दूरस्थ ॲपद्वारे होणाऱ्या अशा अफरातफरीविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. कोणतीही बँक वा शासकीय कार्यालय ग्राहकास आपला पडदा दाखविण्यास सांगत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांस व मुलांसही समजावून सांगावे. दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे मध्येच रोखले जाण्याची शक्यता अधिक असते.

कोणास काय योग्य

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग असा करावा. ज्यांना केवळ व्याख्याने व चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहावयाचे आहेत, त्यांना स्मार्ट दूरचित्रवाणी संचाची अंगभूत सोय पुरेशी आहे; वेगळा खर्च नको. ज्या घरात दोन-तीन मुलांना एकाच वेळी लेखन-वाचन करावयाचे आहे, त्यांनी लिनक्सचा एक समर्थ संगणक आणि जुने संगणक वा छोटे दर्शक तारेने जोडावेत. नक्षीकाम करणाऱ्यास रंगांची अचूकता व हाताबरोबर चालणारा बाण दोन्ही लागतात. त्याने आपला पडदा एचडीएमआय केबलने संगणकालाच जोडलेला ठेवावा, जाळ्यावर नेऊ नये. आणि ज्यांच्याकडे एकच पडदा व एकच वापरकर्ता आहे, त्यांना या साऱ्या व्यवस्थेची गरज नाही, हेही सांगितले पाहिजे.

सर्व व्यवस्था एकदम उभारण्याचे कारण नाही. आधी एक तार टाकावी, एक जुना संगणक जोडून पाहावा, महिनाभर मुलांना त्यावर काम करू द्यावे, आणि समाधान झाल्यावरच दुसऱ्या पडद्याचा विचार करावा. अगदीच निकामी झालेली साधने मात्र कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्राकडेच सोपवावीत. योग्य माहितीच्या आधारे पावले टाकल्यास, असलेल्या साधनांतच घरातील प्रत्येक विद्यार्थ्यास अभ्यासासाठी स्वतःची जागा मिळवून देणे बहुतेक कुटुंबांना शक्य होईल.